सीडी वाचायची होती

संतपूरच्या आमच्या हायस्कुलात सर विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. अकरा वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये काढली, आणि एवढ्या काळात सरांना बसलेलं मी एकदाच पाहिलं.

स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, नाही असं नाही. पण तिच्यावर प्रयोगशाळेतलं मोडकं सामान असायचं. हात तुटलेला सूक्ष्मदर्शक, तडा गेलेली चंचुपात्रं, कुठल्या तरी घड्याळाचं पोट. नवीन कुणी शिक्षक आला आणि त्यानं आदरानं ती खुर्ची रिकामी करून पुढं केली, की सर तिच्यावर आपला डबा ठेवायचे आणि भाकरीचा तुकडा हातात घेऊन व्हरांड्यात निघून जायचे. जेवण चालता चालता. पेपर तपासायचे ते खिडकीच्या कठड्यावर, उभ्यानं, एक पाय हलवत. वर्गात दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालू असायच्या आणि पोरांच्या माना त्यांच्यामागं फिरायच्या. दहावीच्या पोरी म्हणायच्या, सरांच्या तासाला मान दुखते पण झोप येत नाही.

अंगानं किडकिडीत, उंच. चपलेचा तळ दोन-तीन महिन्यांच्या वर टिकत नसे. शर्टाच्या खिशात पेन कधीच नाही. टेस्टर, कागदात गुंडाळलेला बारीक पेचकस आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या एवढा ऐवज. हजेरीवर सही करायला ते माझं पेन मागायचे आणि परत करताना ते दोन तुकड्यांत मिळायचं, कारण मधल्या वेळेत त्यांनी आतली स्प्रिंग बघून घेतलेली असायची.

आमच्या भागात माणसाला दोन-तीन भाषा येणं यात काही नवल नाही. सरांचं वेगळं होतं. कन्नड साहेब तपासणीला आले की ते कन्नडमध्ये बोलायचे, औरादकडच्या ड्रायव्हरांशी तेलुगूत, आणि राग आला की थेट दखनीत. राग माणसांवर क्वचितच यायचा. बहुतेक वेळा तो एखाद्या आटे झिजलेल्या स्क्रूवर असायचा.

त्यांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणायचं. शाळेमागच्या दोन खोल्यांत ती दोघं राहायची. मूळ गाव खटकचिंचोळी. अक्का फार शांत बाई. एका पावसाळ्यात सरांनी न्हाणीघरात अळंबी लावली, तेव्हा तीन आठवडे अक्का शेजाऱ्यांकडं आंघोळीला जात होत्या आणि त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. पुढं सरांनी घरमालकाला पटवून पुढचं दार उत्तरेला करून घेतलं, वारा येतो म्हणून. चार महिन्यांनी पुन्हा पूर्वेला, कारण वारा येतो. मी अक्कांना एकदा विचारलं, तुम्हाला याचा त्रास होत नाही का? त्या ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "लग्नातबी बसले न्हाईत बाई ते. भंतेजी म्हणायलेत बसा, आन् हे म्हणायलेत, हुबं ऱ्हाऊनबी ऐकू यायलंय."

असा हा एका जागी न ठरणारा माणूस यंत्रापुढं आला की मात्र बदलून जायचा. पाय तेव्हाही चालायचे, पण डोकं एका जागी थांबायचं. त्यांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता: एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रयोगशाळेतली ट्यूब फडफडायला लागली तेव्हा शिपाई नवी ट्यूब आणि नवा स्टार्टर दोन्ही घेऊन आला. सरांनी आधी फक्त स्टार्टर बदलला. ट्यूब लागली. मग त्यांनी जुना स्टार्टर परत लावला आणि ती पुन्हा फडफडते का ते पाहिलं. फडफडली. मग कुठं ते समाधानानं खाली उतरले. हेडमास्तर दारात उभे होते. म्हणाले, पहिल्यांदाच लागली होती की हो. सर म्हणाले, "लागली होती. पण कामून लागली ते कळलं नव्हतं."

सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर आले, तेव्हा हेडमास्तरांनी नारळ फोडून त्यांवर कापडी खोळ घातली आणि खोलीला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी त्यातला एक टेबलावर उघडा पडलेला सापडला. हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी त्याच कागदाच्या मागं आतल्या भागांची आकृती काढून, नावं देऊन, खाली सही करून कागद परत पाठवला. बरं, हेडमास्तरांनी ती आकृती फाडली नाही. पुढं तिच्यावरूनच ते पाहुण्यांना कॉम्प्युटर समजावून सांगायचे.

आता अण्णाचं सांगते, कारण सरांची खरी ओळख मला त्या वेळी झाली.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे, वडिलांनी थोडी शेती केली, आणि अण्णा पुण्याला बांधकामावर गेला. तेव्हा आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी पुण्याला नाही तर हैदराबादला गेलेलं होतं. गावाकडं घरात वहिनी, दोन पोरी आणि मी. एक दिवस अण्णा दुसऱ्या मजल्याच्या सेंट्रिंगवरून खाली पडला. ठेकेदारानं दवाखान्यात टाकलं, बाहेरच्या एका सेंटरमध्ये डोक्याचं स्कॅनिंग झालं, आत रक्ताची लहान गाठ आहे म्हणाले. आठ दिवसांनी गोळ्या देऊन सोडलं. येताना त्याच्या पिशवीत एकपानी रिपोर्ट होता आणि पाकिटात एक सीडी. सीडीकडं आम्ही कुणी पाहिलंही नाही.

महिनाभरानं त्याचं डोकं दुखायला लागलं. दिवसा झोपायचा. पोरींची नावं एकमेकींना लावायचा. एका शुक्रवारी त्याला बीदरच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नवीन स्कॅनिंग केलं, फिल्म उजेडावर धरली आणि जुनी मागितली. मी रिपोर्ट दिला. ते म्हणाले, रिपोर्टात लहान लिहिलंय, लहान म्हणजे किती ते मला डोळ्यांनी बघायचं आहे. गाठ कमी होत असेल तर गोळ्या चालू ठेवू. वाढत असेल तर हैदराबादला जाऊन कवटीला भोक पाडून रक्त काढावं लागेल. माझ्याकडच्या कॉम्प्युटरवर सीडी चालत नाही, तेव्हा सीडी चालेल असा लॅपटॉप सोमवारी घेऊन या. मधे उलटी झाली किंवा हात लुळा पडला तर माझी वाट बघू नका.

माझ्याकडं हैदराबादहून घेतलेला एक जुना लॅपटॉप होता. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यात सीडी घातली. आत घरघर झाली, थांबली, पुन्हा घरघर झाली, आणि पडद्यावर अक्षरं आली की कृपया सीडी घाला. मी काढून पुन्हा घातली. कितीदा घातली सांगता येणार नाही. वहिनी बाजूला उभी होती आणि प्रत्येक घरघरीला पदर घट्ट धरत होती.

शनिवारी सकाळची शाळा. मी लॅपटॉप घेऊनच गेले. सर व्हरांड्यात चालत होते. मी म्हणाले, सर, हा सीडी वाचंना.

"कधीपासून वाचंना?"

"काल बघितलं. दिवाळीत वाचत होता."

"दिवाळी आन् काल, मधी कुठली सीडी घातली?"

"न्हाई घातली."

"मग दिवाळीपासूनच वाचंना म्हणा. तुमाला काल कळलं."

मी अण्णाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण त्यांचे डोळे लॅपटॉपवर होते. तो त्यांनी दोन्ही हातांवर लहान मूल घ्यावं तसा घेतला आणि चालायला लागले. शाळेच्या कॉम्प्युटरांना सीडीचा ड्राइव्हच नव्हता. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत सुरुवात झाली. आधी त्यांनी कॉम्प्युटरच्या यादीत ड्राइव्ह दिसतो का पाहिलं. दिसत होता. मग त्याचं नाव यादीतून काढून लॅपटॉप बंद केला, पुन्हा सुरू केला. नाव आपोआप परत आलं, सीडी काही वाचली नाही. मग त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं, सीडी आत ढकलली आणि लॅपटॉपला कान लावला. "फिरायलंय," ते म्हणाले. "म्हंजी मोटर जिती हाय. डोळा बघंना."

त्यांनी सीडी घेऊन मधून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ फडक्यानं पुसली. गोल पुसायची नाही, असं मला बजावलं. फरक पडला नाही. मग ड्राइव्हचा ट्रे बाहेर काढून त्यांनी मला आतली लेन्स दाखवली, मसुराच्या दाण्याएवढी. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून, झटकून, त्यांनी ती लेन्सवरून इतकी हळू फिरवली की मला श्वास रोखावा लागला. काडीचं टोक पिवळट झालं. आमच्या घराच्या मागं खळं होतं, तूर मळायचे दिवस होऊन गेले होते, आणि लॅपटॉप खिडकीत असायचा.

घरून आणलेली बाजारातली गाण्यांची सीडी घातली. वाजली. मला वाटलं झालं. पण अण्णाची सीडी घातली, तर पुन्हा घरघर.

इथं कुणीही म्हणालं असतं की सीडी खराब आहे. सर मात्र खुलले. पावलांचा वेग वाढला. त्यांनी दोन्ही सीड्या उन्हात धरल्या. गाण्यांची सीडी पाठीमागून चांदीसारखी, अण्णाची निळसर-हिरवट. त्यांनी समजावलं की पहिली कारखान्यात ठशानं छापलेली असते, तिच्यावरच्या खुणा ठळक. दुसरी साध्या मशीनवर जाळून लिहिलेली असते, तिच्यावरच्या फिकट. म्हाताऱ्या माणसाला पाटी वाचता येते पण पोस्टकार्ड वाचता येत नाही, तसं या ड्राइव्हचं झालं असेल. किंवा सीडीच बिघडली असेल. दोन्हींतलं कुठलं, हे कळायला जाळून लिहिलेली दुसरी एखादी सीडी पाहिजे.

आम्ही बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेलो. सर पुढं, मी जवळजवळ धावत मागं. स्टुडिओवाला आपल्या कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी लग्नाची सीडी बनवत बसला होता. सरांनी त्याच्याकडून लिहून झालेल्या पण गिऱ्हाइकानं न नेलेल्या तीन सीड्या मागून घेतल्या. त्यानं त्या दिल्या, चहाही विचारला, आणि आम्ही त्याला नाही म्हणून घाईघाईनं परत निघालो.

हे लिहिताना आज माझा हात थांबतो. त्या माणसाच्या कॉम्प्युटरला चांगला चालणारा ड्राइव्ह होता. अण्णाची सीडी माझ्या पर्समध्ये होती. ती त्याच्यापुढं धरली असती तर पाच मिनिटांत उघडली असती, पेन ड्राइव्हवर उतरवूनही मिळाली असती. शनिवारचे दोन वाजले होते आणि पुण्यातलं ते सेंटर उघडं होतं. पण सर ड्राइव्हच्या मागं लागले होते आणि मी सरांच्या.

तिन्ही सीड्या माझ्या लॅपटॉपनं वाचल्या नाहीत. म्हणजे डोळाच अधू. सर एवढे आनंदले की त्यांनी दोन वेळा टाळी वाजवली. मला मात्र रडू येत होतं. ते पाहून ते गडबडले आणि म्हणाले, उद्या बीदरला जाऊन दुसरा ड्राइव्ह आणतो, भंगारात असे पुष्कळ लॅपटॉप पडलेले असतात.

रविवारी ते पहिल्या बसनं बीदरला गेले. दुपारी दोन-अडीचला आमच्या दारात उभे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला ड्राइव्ह. त्याची पुढची पट्टी वेगळ्या रंगाची होती आणि एका बाजूनं किंचित वर यायची, पण खाच बरोबर होती. लॅपटॉप उलटा करून त्यांनी एकच स्क्रू काढला आणि जुना ड्राइव्ह खणासारखा बाहेर ओढला. नवा आत सरकवला. अण्णा बाजेवर पडून बघत होता. वहिनीनं चहा ठेवला होता आणि तो उतू गेल्याचंही तिला कळलं नाही.

सीडी फिरली. या वेळी आवाज वेगळा होता, एकसारखा. पडद्यावर एक काळी चौकट उघडली आणि तिच्यात राखाडी रंगाचं डोकं दिसायला लागलं, वरून कापल्यासारखं. एकामागून एक चित्रं. वहिनीनं हात जोडले. मी सरांकडं वळून काहीतरी बोलणार होते.

सर खाली बसले होते. जमिनीवर, भिंतीला टेकून, पाय पसरून. मला वाटलं त्यांना चक्कर आली.

"बाई," ते म्हणाले, "अण्णाचं वय काय हाय?"

"बेचाळीस."

"कोपऱ्यात बघा. एकसष्ट लिव्हलंय. आन् नाव बाईमाणसाचं हाय."

मी पाहिलं. नाव इथं लिहीत नाही, पण ते आजही मला पाठ आहे. वहिनीनं विचारलं, म्हणजे काय ओ सर? सर म्हणाले, "म्हंजी हे डोकं दुसऱ्याचं हाय." अण्णा बाजेवरून म्हणाला, माझं डोकं पुण्यातच ऱ्हायलं म्हणा की. आणि हसला. त्याच्या हसण्यानंच मला जास्त भीती वाटली.

सर उठले. त्यांनी बीदरची फिल्म मागून खिडकीत धरली आणि पडद्यावरच्या चित्रांशी ताडून पाहिली. अण्णाच्या डोक्यातली गाठ बोटाएवढी रुंद होती. पडद्यावर होती ती त्याच्या दुप्पट जाड, आणि मेंदूची मधली रेघ एका बाजूला ढकललेली. सर डॉक्टर नव्हते. पण दोन चित्रांतला फरक कुणालाही कळेल एवढा मोठा होता. ते चालायला लागले, आमच्या एवढ्याशा खोलीत, बाजेला वळसा घालून.

"तिची सीडी आपल्याकडं आली," ते म्हणाले. "मग आपली तिच्याकडं गेली. तिचा डॉक्टर अण्णाचं डोकं बघून तिला गोळ्या द्यायलाय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या बाईचं काहीही वाटलं नाही. मला अण्णाची सीडी पाहिजे होती आणि उद्या सोमवार होता. पाकिटावरच्या नंबरला फोन केला. रविवार, नुसतीच रिंग. सर दहा-बारा वेळा लावत राहिले, मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, मी जातो. अक्कांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. सीडीवरची चित्रं त्यांनी लॅपटॉपवर उतरवून ठेवली, सीडी बरोबर घेतली, आणि तासाभरात ते उदगीरच्या जीपमध्ये होते, तिथून पुण्याची बस. मीही येते, असं मी म्हणाले, तर सर म्हणाले, तुमी अण्णाकडं बघा.

सोमवारी मी बीदरला जाऊन डॉक्टरांना हे सांगितलं आणि लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली ती चित्रं दाखवली. त्यांनी बराच वेळ चित्रं पाहिली. मग म्हणाले की हे तुमच्या भावाचं समजून पाहिलं असतं तर गाठ अर्ध्यावर आली असं म्हणून मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. नावाकडं लक्ष गेलं असतं का, ते विचारू नका, बाहेर किती माणसं बसलीत ते तुम्ही पाहिलंच. अण्णाला त्यांनी दवाखान्यातच ठेवून घेतलं.

सर बुधवारी सकाळी परस्पर बीदरच्या दवाखान्यात आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगाळलेला. सीडी त्यांनी वहीच्या दोन पुठ्ठ्यांत दोऱ्यानं बांधून आणली होती. डॉक्टरांनी ती माझ्या लॅपटॉपवर लावली, फिल्म शेजारी धरली आणि मान हलवली. पहिली गाठ नखाएवढी होती. वाढली होती. त्याच दिवशी आम्ही अण्णाला हैदराबादला नेलं. कवटीला भोक पाडून रक्त काढलं. बाराव्या दिवशी तो घरी आला, डोक्याला पट्टी, आणि धाकटीला तिच्याच नावानं हाक मारली. वहिनी चुलीपुढं तोंड करून रडली. वर्षानंतर अण्णा पुन्हा पुण्याला गेला, पण वॉचमन म्हणून. वर चढायचं नाही, असं वहिनीनं त्याच्याकडून पोरींच्या डोक्यावर हात ठेवून कबूल करून घेतलं.

पुण्यात काय झालं ते सरांनी मला एका दमात सांगितलं नाही. व्हरांड्याच्या एका फेरीत थोडं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. सोमवारी सेंटर उघडायच्या आधीच ते दारात होते. काउंटरवरची मुलगी बसा म्हणाली, त्यांनी ऐकलं नाही. असं होऊच शकत नाही, असं तिथले लोक म्हणत राहिले आणि सर त्यांच्या पेशंटांमधून फेऱ्या मारत राहिले, शेवटी साहेब बाहेर आला. सरांनी फक्त एवढंच मागितलं की ही सीडी तुमच्या कॉम्प्युटरवर उघडा आणि नाव मोठ्यानं वाचा. त्यानं वाचलं. एकाच दिवशी, पाठोपाठ दोघांचं स्कॅनिंग झालं होतं, आणि सीड्या एकमेकींच्या पाकिटांत गेल्या होत्या. अण्णाची नवीन सीडी त्यांनी लगेच करून दिली. सरांनी ती तिथंच उघडायला लावली, नाव वाचलं, वय वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

मग म्हणाले, आता त्या बाईला फोन लावा. ते म्हणाले, आम्ही करू. सर म्हणाले, माझ्यापुढं करा.

फोन तिच्या मुलानं उचलला. पुण्याच्या पलीकडं कुठलंसं खेडं. आई काल संध्याकाळपासून नीट बोलेना, आज सकाळी चहाचा कप हातातून पडला, असं तो सांगत होता. पण डॉक्टर म्हणाले होते गाठ लहान आहे, काळजीचं कारण नाही, म्हणून त्यांनी तिला निजवून ठेवलं होतं. सरांनी काउंटरवरच्या मुलीच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं की आत्ताच्या आत्ता घेऊन निघा, तुमच्याकडची सीडी तुमच्या आईची नाही. मुलगा चिडला. तुम्ही कोण, तुम्हाला काय पाहिजे, असं विचारायला लागला. सर म्हणाले, तुमच्या आईची सीडी माझ्या हातात आहे, मी तीच घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहतो, तुम्ही या.

ते आले. सोमवारी संध्याकाळी ऑपरेशन झालं. मंगळवारी सकाळी सरांनी तिला काचेतून पाहिलं. ती वाचली होती. पण उजवा हात हलत नव्हता आणि तोंडातून शब्द येत नव्हता. मुलगा बाहेर आला आणि सर्वांदेखत सरांच्या पायांवर वाकला. हे सांगताना सर खांबापाशी थांबले. "मी पाय मागं घेतला, बाई," ते म्हणाले. "त्याला वाटलं मी मोठेपणानं घेतला."

तिथल्या डॉक्टरला त्यांनी विचारलं होतं, ही दीड दिवस आधी आली असती तर? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. फरक पडला असता, नसताही पडला.

दीड दिवस हा हिशेब कुठला, ते मला तेव्हा कळलं नाही. विचारायचंही धाडस झालं नाही, कारण त्यानंतर सर वेगळेच झाले. चालणं होतंच, उलट वाढलं. शाळेतून निघून ते कधी कधी पार फाट्यापर्यंत जाऊन यायचे. पण खिशातला पेचकस दिसेना. लोक मिक्सर, टेपरेकॉर्डर घेऊन यायचे, तर म्हणायचे, बाजारातल्या रेडिओवाल्याकडं न्या, तो चांगला करतो. फळ्याच्या कोपऱ्यातली ती ओळ एका सकाळी पुसलेली होती. पोरींनी विचारलं, तर म्हणाले, जागा लागत होती. दर रविवारी ते त्या मुलाला फोन करायचे. बाई उठून बसते, डाव्या हातानं जेवते, मुलाला नावानं हाक मारता येत नाही म्हणून टाळी वाजवते, असं अक्कांकडून मला कळायचं.

पुढच्या जूनमध्ये सरांची बदली झाली, मन्नाएखेळ्ळीकडं. सामान टेम्पोत भरून झालं होतं. अक्का पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मी निरोप द्यायला गेले, तेव्हा सर रिकाम्या खोलीत एकटेच फिरत होते, आणि चपलांचा आवाज घुमत होता. अण्णाबद्दल त्यांचे आभार मी कधी नीट मानले नव्हते. ते मानायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"आपण शनिवारी स्टुडिओत गेलो होतो," ते म्हणाले. "त्याचा कॉम्प्युटर चालू होता."

तोपर्यंत, खरंच सांगते, माझ्या ते डोक्यात आलं नव्हतं. त्या क्षणी सगळं आलं. बनत असलेली लग्नाची सीडी, न घेतलेला चहा, घाई.

"सीडी वाचायची होती, बाई. मी ड्राइव्ह दुरुस्त करायलो होतो. मला पुण्याहून येताना बसमधी कळलं. तवापासून मी कुणाला बोललो न्हाई. अक्काला बी न्हाई."

दिलासा द्यायला माझ्याकडं पुष्कळ वाक्यं होती, मराठीची शिक्षिका मी. डॉक्टरच म्हणाला होता ना सांगता येत नाही. तुम्ही नसता तर दोघंही गेली असती. ही सगळी वाक्यं खरी होती आणि सरांनी ती स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिली असणार. ती मी बोलले नाही.

"सर," मी म्हणाले, "सीडी माझ्या पर्समधी होती. मी तितंच हुबी होते. मलाबी सुचलं न्हाई."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सर दाराकडं निघाले होते, ते मागं वळले. एवढा वेळ त्यांची नजर जमिनीवर होती, ती वर आली.

"व्हय की," ते म्हणाले. "तुमीबी होताव."

"व्हय."

"मग निम्मं तुमचं."

मी मान हलवली. "निम्मं माझं," म्हणाले.